अडचणीच्या इंजिन-कप्प्यातली नियमित देखभाल: आधी पोहोच, मग पाना

इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनाची नियमित देखभाल हे फार मोठ्या कसबाचं काम नाही. तेल बदलणं, गाळण्या साफ करणं, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) पाहणं, पट्टा ताणणं ही कामं इंजिन मोकळ्या जागेत असेल तर नवखा माणूसही पुस्तिका पाहून एका सकाळी उरकेल. पॉवरबोटीत अवघड असतं ते इंजिनापर्यंत पोहोचणं. बोटीच्या आराखड्यात बसायची जागा, केबिन आणि टाक्या आधी ठरतात. इंजिनाच्या वाट्याला उरलेली पोकळी येते. मग तेलाचा फिल्टर इंधनाच्या टाकीकडे तोंड करून बसतो, पाण्याच्या पंपाचं झाकण पुढच्या भिंतीपासून चार बोटांवर येतं, आणि जोडइंजिनांच्या बोटीत बाहेरच्या बाजूंना हात शिरतो पण डोकं शिरत नाही.

त्यामुळे जिथे हात सहज जातो तिथलं काम वेळेवर होतं आणि जिथे जात नाही तिथलं राहून जातं. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, दर वेळी पाहिली जाते. इंजिनाच्या पोटाखाली नळी आवळून धरणारी क्लिप मात्र गंजून तुटेपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून अशा कप्प्यात पोहोच हाच पहिला प्रश्न धरावा, असं माझं ठाम मत आहे. कामांची यादी तेल, इंधन, पाणी अशी विषयवार करू नका. ती तुमचं शरीर कुठे असेल त्यावरून करा. डाव्या बाजूला एकदा आडवे झालात की त्या बाजूचं जे जे आहे ते सगळं तपासूनच उठायचं. आत शिरणं आणि बाहेर येणं हाच या कामातला सगळ्यात थकवणारा भाग असतो, आणि थकलेला माणूस शेवटची क्लिप न बघताच झाकण लावतो.

इथले आकडे सर्वसाधारण डिझेल आणि पेट्रोल इनबोर्ड इंजिनांना लागू पडणारे आहेत. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर पुस्तिकाच खरी.

आत शिरण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून जात नाही, खाली उतरून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की एक ठिणगी पुरते. पेट्रोल इंजिन असेल तर आधी झाकण उघडा आणि नाक शक्य तितकं खाली नेऊन वास घ्या. वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावू नका. झाकण उघडं ठेवा, बोटीवरच्यांना बाहेर काढा आणि कप्पा पूर्ण हवेशीर झाल्यावरच गळती शोधा. वास नसेल तर ब्लोअर, म्हणजे कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, किमान ४ मिनिटं चालवा, पुन्हा वास घ्या आणि मगच पुढे जा.

डिझेल इंजिन असलं तरी निर्धास्त राहू नका. बॅटऱ्या बहुतेकदा त्याच कप्प्यात असतात आणि चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात. हा वायू हलका, वर छताशी साठणारा, आणि ४ टक्क्यांपासून पेट घेणारा. किनाऱ्यावरच्या विजेवर चालणारा चार्जर काम सुरू करण्याआधी बंद करा.

मग बॅटरीचा मुख्य स्विच बंद. पण त्याने सगळी वीज बंद होते असं समजू नका. स्वयंचलित बिल्ज पंप बहुतेक बोटींत मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीला जोडलेला असतो, आणि ते योग्यच आहे. काम करताना मात्र एक धोका असतो. तुमच्या हातून अर्धा लिटर तेल बिल्जमध्ये सांडलं आणि पंपाने ते उपसून पाण्यात सोडलं तर नुकसान पाण्याचं होतं आणि कायद्याच्या कचाट्यात तुम्ही सापडता. काम चालू असेपर्यंत पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि तो डोळ्यांसमोर राहील अशा जागी, म्हणजे स्टिअरिंगवर, चिकटपट्टीने लावा. बोट पाण्यात असेल तर हा फ्यूज परत बसवायला विसरणं परवडणारं नाही.

सीकॉक, म्हणजे बोटीच्या बुडातून थंडाव्याचं पाणी आत घेणारी झडप, बंद करायची असेल तेव्हा इंजिनाची किल्ली काढून तिच्याच दांड्याला अडकवा. या एका सवयीने दोन गोष्टी साधतात. तुम्ही आत असताना वरून कुणी इंजिन चालू करू शकत नाही, आणि झडप न उघडता इंजिन चालू करणं तुम्हालाही शक्य राहत नाही.

अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी बाहेर काढून ठेवा. पाना बॅटरीच्या धन टोकाला आणि इंजिनाला एकाच वेळी टेकला तर तो क्षणात लाल होतो. मध्ये अंगठी असेल तर हाताचं बोट जातं. धन टोकावर रबरी टोपी नसेल तर जाड सुकं फडकं गुंडाळा. कप्प्याचं झाकण गॅसच्या दांड्यांवर उभं राहत असेल तर त्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, लाकडी टेकू लावा. आणि शक्य तेव्हा एक माणूस वर असू द्या, हत्यार द्यायला आणि गरज पडली तर तुम्हाला बाहेर ओढायला.

आडवं व्हायची सोय

बोटीच्या तळाला लांबीच्या दिशेने जाणारे भक्कम स्ट्रिंगर असतात, इंजिनही त्यांच्यावरच बसलेलं असतं. दोन स्ट्रिंगरांवर टेकेल अशी फळी कापून घ्या आणि तिच्यावर जाड फोम चिकटवा. ही फळी मला कुठल्याही महागड्या हत्याराइतकी मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे अंगाचा भार इंजिनावर पडत नाही. इंजेक्टरच्या बारीक नळ्या, अल्टरनेटर, सेन्सरच्या वायरी, रबरी नळ्या यांच्यावर गुडघा किंवा कोपर टेकलं की आज काही दिसत नाही, पण महिन्याभराने तिथूनच गळायला लागतं.

उजेडासाठी कपाळावरचा दिवा हवाच, पण एकटा तो पुरत नाही. अडचणीच्या जागेत तो तुमच्याच हाताची सावली पाडतो. चुंबकाने चिकटणारे दोन छोटे दिवे दोन बाजूंनी लावा. जिथे डोकं जात नाही तिथे आरसा किंवा मोबाइल धाडा. मोबाइलचा दिवा लावून चित्रीकरण सुरू करा, हात सावकाश इंजिनामागून फिरवा आणि बाहेर येऊन नीट पाहा. काम सुरू करण्याआधीचे हे चित्रण जपून ठेवा. कुठली नळी कुठल्या नळीच्या मागून जात होती हे जोडताना त्यातूनच कळेल.

न बघता, नुसत्या स्पर्शाने बोल्ट फिरवायचा असेल, त्यातही तो तुमच्याकडे पाठ करून बसलेला असेल तर दिशा चुकते आणि सैल करायच्या ऐवजी तो आणखी आवळला जातो. अशा वेळी उजव्या हाताचा अंगठा बोल्ट ज्या दिशेने बाहेर यायला हवा त्या दिशेला धरा. बोटं ज्या अंगाने मिटतात त्या अंगाने फिरवलं की नेहमीचा उजव्या आट्यांचा बोल्ट सैल होतो.

हत्यारं

मोठी पेटी आत नेऊ नका. त्या त्या बैठकीला लागणारी हत्यारं एका उथळ ट्रेमध्ये काढून घ्या. अडचणीत उपयोगी पडतात ती आखूड दांड्याचं रॅचेट, वाकणारा जोड, दोन-तीन लांबीची एक्स्टेन्शनं, मान वळणारे रॅचेट पाने, बुटका स्क्रू ड्रायव्हर, आणि लवचिक दांड्याचा नट ड्रायव्हर. हा शेवटचा जरूर घ्या. होज क्लिपच्या षटकोनी डोक्याला बहुधा ७ किंवा ८ मिमीचा सॉकेट बसतो. जिथे स्क्रू ड्रायव्हर सरळ धरताच येत नाही तिथे वाकत जाणारा दांडा काम करतो, आणि घसरून नळी फाडत नाही.

पडलेला नट उचलायला लांबणारं चुंबक सगळेच ठेवतात. पण बोटीवरचे बरेच नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे किंवा पितळेचे असतात, त्यांना चुंबक धरत नाही. सोबत लवचिक दांड्याचा पंजा हवा. त्याहून बरं म्हणजे पडूच न देणं: सॉकेटमध्ये थोडं ग्रीस भरलं की बोल्ट त्यात चिकटून राहतो, आणि कामाच्या जागेखाली फडकं पसरलं की पडलेली वस्तू बिल्जमध्ये न जाता फडक्यावर थांबते.

पहिली बैठक: इंजिन पूर्ण गार असताना

पहिल्या फेरीसाठी अजून आडवं व्हायची गरज नाही. झाकणातून उभ्यानेच तेलाची पातळी आणि रंग पाहा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे; देखभाल तिथेच थांबवून कारण शोधा. गिअरबॉक्सच्या तेलालाही हेच लागू. त्याची डिपस्टिक आटे न बसवता नुसती टेकवून पाहायची की पूर्ण बसवून, हे पुस्तिकेत पाहा, कारण त्याने मापात फरक पडतो. शीतक द्रव आताच पाहा. गरम इंजिनाची टोपी उघडली तर उकळता द्रव तोंडावर येतो आणि अडचणीच्या जागेत मागे सरकायला वाव नसतो.

पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. सुमारे १० ते १२ मिमी दबला की ताण ठीक. इंजिनाच्या तोंडावर काळी भुकटी साचली असेल तर पट्टा घसरतोय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. नुसता ताण वाढवून हे दुखणं जात नाही, उलट पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर भार येतो.

आता आडवे व्हा, आणि पाण्याच्या बाजूने सुरुवात करा.

सीकॉक बंद करायच्या निमित्ताने तो दोन-तीनदा उघडून-मिटून पाहा. न हललेला सीकॉक जागीच धरतो, आणि नळी फुटेल त्या दिवशी तो फिरला नाही तर त्याचा उपयोग शून्य. कच्च्या, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या, पाण्याची गाळणी उघडून साफ करा, झाकणाची ओ-रिंग (जोड घट्ट बसवणारं रबरी कडं) तपासा आणि बंद करण्यापूर्वी भांडं पाण्याने भरून ठेवा. त्यामुळे पंपाला पाणी लवकर मिळतं.

मग इम्पेलर. अडचणीच्या कप्प्यात सगळ्यात जास्त टाळलं जाणारं हे काम आणि त्याची किंमतही सगळ्यात जास्त. पंपाच्या आत रबरी पात्यांचं हे चाक असतं. पाण्याशिवाय ते मिनिटभरातही खराब होऊ शकतं. पाणी मिळत असलं तरी दबून राहिलेली पाती हळूहळू कडक होऊन मुळाशी तडकतात. वर्षातून एकदा ते बदलावं, जुनं बरं दिसत असलं तरी.

झाकणाला चार ते सहा बारीक स्क्रू असतात. झाकण भिंतीकडे किंवा खाली तोंड करून असेल तर पंप जागेवर ठेवून काम करण्याचा हट्ट धरू नका. पुष्कळ इंजिनांवर पूर्ण पंप दोन ते चार बोल्टांवर असतो. नळ्या सोडवून तो काढून उजेडात आणणं एकूण कमी त्रासाचं ठरतं आणि स्क्रू बिल्जमध्ये हरवत नाहीत. जागेवरच करायचं असेल तर इम्पेलर काढायला पुलर वापरा. दोन स्क्रू ड्रायव्हरांनी उचकटताना पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर पंप पुढे कायम थोडा कमी पाणी ओढतो.

काढलेल्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं पातं किंवा त्याचा तुकडा कमी असेल तर तो पुढे गेलेला आहे: नळीच्या पहिल्या वळणात, तेलाच्या कूलरच्या तोंडाशी, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने शीतक द्रव गार करणारा भाग) नळ्यांवर. तो शोधून काढल्याशिवाय नवं इम्पेलर बसवून उपयोग नाही. बोट नीट चालेल, पण वेग वाढवला की तापमान चढेल आणि कारण सापडणार नाही.

नवं इम्पेलर बसवताना पाती केबल टायने एका अंगाला दुमडून बांधा, अर्धं आत सरकलं की टाय काढून घ्या. पाती पंप ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट झुकलेली असावीत, म्हणजे फिरताना ती मागे ओढली जातील. वंगणासाठी ग्लिसरीन वापरा. खनिज तेलाचं ग्रीस रबराला फुगवतं. झाकणाचं गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी टाका, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने हलके आवळा. पितळेत आटे जायला फार जोर लागत नाही.

त्याच बैठकीत हीट एक्स्चेंजरचा जस्ताचा दांडा पाहा. पितळी बुचाला जोडलेला पेन्सिलएवढा हा तुकडा स्वतः झिजतो आणि एक्स्चेंजरचं तांबं वाचवतो. अर्धा उरला की बदला. बुचाच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. जस्ताचा धातूशी विजेचा संपर्क तुटला तर तो तिथे असून नसल्यासारखा.

आणि आता, तुम्ही खाली आहातच, तर क्लिपा. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर दोन क्लिपा हव्यात. वरून चकचकीत दिसणारी क्लिप खालच्या बाजूला, स्क्रूच्या घराच्या आत, गंजून कागदासारखी झालेली असू शकते. आरसा लावून पूर्ण वळसा पाहा, हाताचं बोट फिरवून ओलावा आणि मिठाचे पांढरे कण शोधा. पट्टीला आरपार छिद्रं असलेल्या क्लिपा नळीत रुततात, बदलताना सपाट पट्टीच्या घ्या. नवी बसवताना तिचं डोकं पुढच्या वेळी तुमचा नट ड्रायव्हर जिथून येईल त्या दिशेला वळवून मगच आवळा. प्रत्येक नळी चिमटीत दाबून पाहा: दगडासारखी कडक, पिळपिळीत मऊ किंवा फुगलेली नळी बदलायची.

एक्झॉस्टच्या कोपऱ्यावर, जिथे गरम धूर आणि पाणी एकत्र होतात, जोडापाशी गंजाचे ओघळ किंवा काजळी दिसली तर ते काम पुढे ढकलू नका. आत मीठ आणि काजळी साचून वाट अरुंद होते. भिंत खाऊन गेली तर पाणी सिलिंडरमध्ये येऊ शकतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये.

हे सगळं झालं की हत्यारं मोजून बाहेर काढा, किल्ली घ्यायला जाल तेव्हा सीकॉक उघडा, आणि कप्प्यातून बाहेर आल्यावरच इंजिन चालू करा. साधारण अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी पडायला हवं. पडलं नाही तर लगेच बंद करा.

दुसरी बैठक: इंजिन कोमट असताना

पंपाची चाचणी घेताना तेल आपोआप कोमट होतं, हा या क्रमाचा फायदा. ५ ते १० मिनिटं चालवा, बंद करा, १५-२० मिनिटं थांबा. तेल पातळ राहतं, खाली उतरतं आणि धातू हात भाजण्याइतका तापलेला राहत नाही.

बहुतेक बोटींत तेलाच्या टाकीचं खालचं बूच गाठताच येत नाही, गाठलं तरी खाली भांडं ठेवायला जागा नसते. तेल डिपस्टिकच्या वाटेने निर्वात पंपाने ओढा. बारीक नळी तळाला टेकेपर्यंत आत सोडा, मग किंचित वर घ्या. किती तेल निघालं ते मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. बरंच कमी निघालं तर नळी तळापर्यंत गेलेली नाही. न मोजता नवं तेल ओतलं तर पातळी जास्त होईल.

आडवा किंवा उलटा बसवलेला फिल्टर सैल होताच तेल सोडतो. त्याच्या खाली तेल शोषणारं कापड ठेवा, फिल्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी तोंडापर्यंत चढवा आणि पिशवीसकट फिरवा. पट्ट्याचा पाना फिरवायला जागा नसेल तर टोपीसारखा बसणारा, रॅचेटने फिरणारा पाना वापरा. फिल्टर निघाल्यावर इंजिनाच्या तोंडावर बोट फिरवून जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली नाही ना याची खात्री करा. जुन्या रिंगवर नवी बसली तर इंजिन चालू होताच दाबाने सगळं तेल बिल्जमध्ये येतं. नव्या रिंगला तेलाचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि वर पाऊण फेरा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी, याच अडचणीत, निघता निघत नाही.

तेल दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलण्याचा प्रघात बहुतेक इंजिनांना चालतो. बोट काही महिने उभी राहणार असेल तर उभी करण्याआधी बदला. वापरलेल्या तेलात आम्ल साचलेलं असतं आणि ते बंद इंजिनातही बेअरिंगवर काम करत राहतं.

तिसरी बैठक: इंधन

ही बैठक दुसऱ्या दिवशी, गार इंजिनावर करा. पाणी आणि इंधन एकाच वेळी उघडलं आणि इंजिन चालू झालं नाही तर दोष कुठल्या बाजूचा ते कळायला वेळ जातो.

डिझेलसाठी क्रम असा:

१. टाकीची झडप बंद करा. पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरचं भांडं काचेच्या बरणीत रिकामं करा आणि बरणी थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी खाली बसतं. काळा, शेवाळी गाळ दिसला तर टाकीत जंतूंची वाढ आहे. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

२. फिल्टरचा गाभा आणि सगळ्या ओ-रिंगा बदला. एक जुनी रिंग राहिली तर तिथूनच हवा शिरते, आणि डिझेल बाहेर गळत नसल्यामुळे ती जागा दिसत नाही.

३. पहिल्या फिल्टरचं भांडं स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरून बंद करा. इंजिनावरच्या बारीक फिल्टरमध्ये मात्र बाहेरून डिझेल ओतू नका, तो रिकामाच बसवून हातपंपाने भरा.

४. टाकीची झडप उघडा. इंजिनावरच्या फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारा. स्क्रू आवळा आणि असेल तर पुढच्या स्क्रूपाशी हेच करा.

५. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाने अजूनही हवा धरली असेल तर इंजेक्टरचे नट सैल करून ती काढता येते. कॉमन रेल इंजिनावर, जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच अतिदाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, हे कधीही करू नका. तिथे दाब १००० बारच्या वर जातो. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. म्हणून गळती बोटाने चाचपडून शोधायची नाही, पुठ्ठा धरून शोधायची.

हवा काढताना स्टार्टर पुन्हापुन्हा मारावा लागत असेल तर सीकॉक बंद करा आणि इंजिन पेटताक्षणी उघडा. इंजिन न पेटता नुसतं फिरत राहिलं तर पंप एक्झॉस्टच्या मफलरमध्ये पाणी भरत जातो, ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, आणि शेवटी ते उलट सिलिंडरमध्ये येतं.

पेट्रोल इंजिनावर इंधनाचं काम मुख्य स्विच बंद ठेवून, कुणीही सिगारेट न पेटवता, आणि निघालेलं पेट्रोल लगेच बंद डब्यात घेऊनच करायचं. झाल्यावर पुन्हा वास, पुन्हा ब्लोअर. भिंतीला लागून असलेले मागचे स्पार्क प्लग बसवायला वीतभर रबरी नळीचा तुकडा घ्या, प्लगच्या टोकावर खोचा आणि नळी चिमटीत फिरवा. आटे तिरपे लागले तर नळी घसरते, सिलिंडर हेडचे आटे जात नाहीत. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर फक्त ठिणगी बाहेर न येऊ देणारे, बोटीसाठीचे प्रमाणित भाग लावा. मोटारीचा स्टार्टर हुबेहूब बसतो आणि चालतोही, पण त्याची ठिणगी कप्प्यातल्या वाफेपर्यंत पोहोचू शकते.

झाकण लावण्याआधी

बिल्ज पुसून कोरडी करा आणि इंजिनाखाली पांढरं शोषक कापड अंथरा. कप्पा जितका काळाकुट्ट, तितकी नवी गळती उशिरा कळते. पांढऱ्यावर पहिला थेंबही दिसतो आणि त्याच्या रंगावरून तो तेलाचा, डिझेलचा की शीतकाचा हे कळतं. हे कापड सुटून पट्ट्यात किंवा पंपाच्या तोंडाशी जाणार नाही असं अडकवा. बिल्ज पंपाचा फ्यूज बसवा आणि तरंगणारा स्विच हाताने उचलून पंप चालतो ना ते पाहा. मग इंजिन चालवा आणि वरूनच, हात आत न घालता, टॉर्चने प्रत्येक उघडलेला जोड पाहा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर तेलाची आणि शीतकाची पातळी पुन्हा तपासा.

नोंदवहीत तारीख आणि इंजिनाचे तास तर लिहाच, शिवाय कुठल्या बोल्टला कुठलं सॉकेट, किती लांबीचं एक्स्टेन्शन, कुठला हात आणि कुठल्या बाजूने, हेही लिहा. पुढच्या वर्षी याच ओळी अर्धा दिवस वाचवतील.

पोहोच कायमची सुधारायची तर

जे काम दर वेळी छळतं त्याच्यावर एकदा खर्च करा. तेलाचा फिल्टर लांब नळ्यांवर हात पोहोचेल अशा जागी आणता येतो, तेल ओढायचा पंप कायमचा बसवता येतो, इम्पेलरच्या झाकणाला हाताने फिरणाऱ्या मोठ्या स्क्रूंचं झाकण मिळतं. मला यात सगळ्यात आधी झाकण बदलावंसं वाटतं, कारण पाण्याचा प्रवाह बंद पडतो तो भर पाण्यात, आणि तेव्हा चार बोटांच्या फटीत बारीक स्क्रू शोधायला कुणालाच वेळ नसतो. फिल्टर लांब नेलात तर नळ्या इंजिन तेलाच्या दाबाला आणि तापमानाला प्रमाणित असलेल्याच घ्या, इंजिन हलतं तिथे थोडा ढिलेपणा ठेवा आणि कडेला घासतील तिथे जाड रबराचं आवरण चढवा. भिंतीत आत हात घालण्यासाठी झाकण कापायचा विचार असेल तर ती भिंत नुसती आडोसा आहे की बोटीचा भार उचलते, की तिच्यामुळे वायू आणि पाणी अडतं, हे बोट बांधणाऱ्याकडून कळेपर्यंत करवत लावू नका.